यादी

समाजसेवा विभागातल्या खोतबाईंनी
खणातून काढून दिली ती यादी.
झेरॉक्सची झेरॉक्स, तिची पुन्हा झेरॉक्स,
शून्यं बुजलेली, 'घ' की 'ध' ते कळेना.
एकोणतीस ट्रस्ट.
पत्ते बहुतेक काळबादेवी, फोर्ट, मशीद बंदर.
"सगळीकडे जा," त्या म्हणाल्या,
"कुणी पाच देतं, कुणी दोन. थेंबे थेंबे…"
आणि पुढचं गिळलं त्यांनी,
माझ्यामागे अजून अकरा माणसं उभी होती.

हेमांगी, वय तेरा.
एक्स-रेत तिचा कणा चिंचेच्या आकड्यासारखा.
अंदाजपत्रक : तीन लाख चाळीस हजार.

फोल्डरात केशरी रेशनकार्ड,
डॉक्टरांचं पत्र, तिचे दोन फोटो,
तहसीलचा उत्पन्नाचा दाखला.
त्या दाखल्यासाठी तीन खाडे झाले,
कॅटरिंगवाल्याने तीन दिवसांचे कापले.
म्हणजे कागदावर आहे
त्यापेक्षा मी थोडी अजून गरीब.
पण तसा रकाना नाही.

रात्री असल्फ्याला, मोरीतल्या बल्बखाली
यादी धरली तेव्हा दिसलं :
समासात बारीक बारीक लिहिलेलं,
बॉलपेनचं, निरनिराळ्या हातांचं,
झेरॉक्समधून झेरॉक्समध्ये उतरत आलेलं.

चारसमोर : बंद आहे. वर चढू नका.
सातसमोर : मंगळवारीच. अकराच्या आत.
नऊ : जात विचारतात. आपली नसली तरी बसून राहा.
बारा : ओरिजनल देऊ नका, माझं हरवलं.
सोळा : साब अच्छा है, चपरासी नहीं.
एकोणीससमोर उर्दूत काहीतरी.
इस्पितळासमोरच्या झेरॉक्सवाल्या इस्माईलने वाचलं :
"जिन्यात अंधार आहे, भिंत धरून जा."

धरून गेले.
चुन्याच्या त्या भिंतीवर
माझ्या खांद्याच्या उंचीला
एक पट्टा होता, गार, गुळगुळीत,
चौथ्या मजल्यापर्यंत, वळणावळणाने.
कुणी रंगवलेला नव्हता.

वर पंख्याखाली चष्मेवाले मेहताजी.
"फ्रीज आहे घरात?"
खोटं जिभेवर आलं होतं.
"आहे. मालकीणबाईंनी दिलेला, बंद.
तांदूळ ठेवते त्यात, उंदीर लागत नाहीत."
त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.
सात हजार. चेक इस्पितळाच्या नावे.
खाली उतरताना दुसऱ्या हाताने भिंत धरली.

गल्लीतल्या भिशीत माझा नंबर मार्चात होता.
चिठ्ठी निघाली फिलोमिनाची.
तिला पत्रे बदलायचे होते.
पाकीट माझ्या मांडीवर टाकून म्हणाली,
"मार्चात तुझी मी उचलेन.
आणि आता चहा पाजू नकोस मला,
उपकार फेडल्यासारखं तोंड करतेस तू."

आज हिशेब मांडला :
चौदा ठिकाणं झाली, सहा नाही म्हणाले,
एकाने श्रीफळ आणि भगवंताचं पुस्तक दिलं.
अजून बासष्ट हजार कमी.
हेमांगी पालथी पडून अभ्यास करते,
विचारते, "आज कुठला नंबर होता?"
जशी मी लॉटरी खेळते.

मग मीच पेन घेतलं.
एकोणीससमोर, त्या उर्दूच्या खाली,
जागा होती तेवढ्यात लिहिलं :
फ्रीजचं विचारतील. खरं सांगा.

इस्माईलने कागद काचेवर ठेवला,
बटण दाबून छाप गडद केला,
वीस प्रती काढल्या, पैसे घेतले नाहीत.
"खोतबाईंकडे संपल्यात," म्हणाला.
"आणि ऐक, चार नंबर पुन्हा उघडलाय म्हणतात.
नक्की माहीत नाही."

'बंद आहे' मी खोडलं नाही.
पुढे एक प्रश्नचिन्ह काढलं.
उद्या चढून बघते.